रविवारचा राडारोडा

३ मार्च, सोमवार
ऑफिसच्या कॉम्प्युटरची डिस्क भरली. एक डिझाइन उघडायला पाच मिनिटं. श्रीनिवास म्हणाला, "मॅडम, नवी डिस्क घेऊ की." म्हटलं, आधी झाडलोट, मग बघू. अकरा वर्षं आम्ही दोघं टॉवेल-चादरींच्या नक्षीचा प्रोग्रॅम लिहितोय. दरवेळी प्रोग्रॅम नव्याने बांधला की मागे राडारोडा उरतो, अर्धवट फायली, जुन्या प्रती. मी माझा पुसून मगच उठते. श्री.चं काय सांगावं.

४ मार्च
बावन्न फोल्डर निघाले. तारखेप्रमाणे लावले. पाच रविवारचे! रविवारी ऑफिस बंद. किल्ल्या दोनच, एक माझ्या पर्समध्ये. त्यातल्या एका रविवारी तर मी माळशिरसला, भाचीच्या साखरपुड्यात.
चहाच्या वेळी सहज विचारलं, "रविवारी काय करतोस रे?"
"झोपतो की मॅडम. लई."

५ मार्च
गेल्या महिन्यात अक्कलकोट रोडवरचा एक कारखानदार म्हणाला होता, "अस्साच प्रोग्रॅम दुसरीकडं बी मिळतोय की, बाई." तेव्हा थाप वाटली. आज वाटत नाही.
दुपारी श्री. आपणहून, "कचरा मी काढतो. तुम्ही कशाला डोळे खराब करता?" अकरा वर्षांत झाडू हातात न धरलेला माणूस! म्हटलं, राहू दे, मीच संपवीन.

६ मार्च
श्री. कारखान्यात गेलेला. रविवारचा एक फोल्डर उघडून चालवला. प्रोग्रॅम आमचाच, पण सगळी बटणं तेलुगूत. मला वाचता येत नाही. आम्ही दोघंही चाचणीला मोराची चादरच घेतो, सुरुवातीपासून. इथे मोर नाही. जुन्या लुगड्याच्या काठाचा फोटो, एक नक्षी चुकलेली. फोटोच्या कोपऱ्यात अंगठा, म्हाताऱ्या माणसाचा.
त्याचे वडील विणकर. मराठी बोलतात, वाचतात फक्त तेलुगू. त्यांच्यासाठी? मग लपवायचं कशाला? आणि तेलुगू वाचणारे कारखानदार या गावात थोडे आहेत का?

७ मार्च
श्री.ला विचारलं, "वडील काय म्हणतात?"
"बसून असतात. हात थरथरतात, माग बंद केला." मग, "का हो?"
"सहज."
माझ्याकडे न बघता बोलला. थोड्या वेळाने, "झाला कचरा काढून?"
"झाला."
खोटं बोलले. सत्तेचाळीस पुसले. पाच माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये हलवलेत. मशीन पळतंय. श्री. खूश, "बघा, डिस्क लागलीच नाही."
तोही बघत असेल, पाच कुठे गेले म्हणून.

९ मार्च, रविवार
अकरा वाजता ऑफिसला गेले. खाली त्याची गाडी. वर दाराबाहेर चपलांचे दोन जोड. एक त्याचा, दुसरा चामड्याचा, जुना, पण पॉलिश केलेला. आत तेलुगू चाललेलं. एकदा कुणीतरी हसलं, श्री. नव्हे. म्हाताऱ्याचं हसू की गिऱ्हाइकाचं, बंद दाराबाहेरून काय कळणार?
किल्ली हातात होती. लावली नाही. जिना उतरले.
उद्या सहावा फोल्डर असायला हवा. सकाळी नऊला मी मशीन उघडणार. फोल्डर असला, तर श्री.ला समोर बसवून विचारीन. पुसलेला असला, तर लपवण्यासारखं काहीतरी आहे; मग विचारणार नाही, त्याची किल्ली मागून घेईन.