भांड्यांच्या पाण्यावरचा मोगरा

सासूबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं मला शोभत नाही, हे कळतं मला. पण आज सकाळी माझ्या लेकीने परसातला मोगरा खुडून देवघरात नेला आणि माझी धाकटी जाऊ तिच्यावर कडाडली, "अगो, भांड्यांच्या पाण्यावरची ना ही? देवाला चालायची नाहीत!" अगदी तुमचं वाक्य, तुमच्याच सुरात. पोर परडी तशीच हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तुम्ही गेलात, पण वाक्य तेवढं मागे ठेवून गेलात, म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहिता येतं याचं तुम्हाला कधी कौतुक नव्हतं, ते असो.

मी लग्न होऊन पूर्णगडहून आले तेव्हा या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. दीर, नणंदा, त्यांची बाळंतपणं, आणि कोर्टाच्या तारखेला रत्नागिरीत येऊन आपल्याकडे उतरणारा सगळा गोतावळा. तुमचे थोरले चिरंजीव, म्हणजे आमचे हे, मुंबईला नोकरीवर, शिमग्या-गणपतीला आगबोटीने यायचे तेवढेच. दिवसभर "अगो पाणी आण", "अगो वाढ", "अगो पोर रडतंय". मला नाव आहे हे मीच विसरले होते. भांडी घासायची जागा परसात, उघड्या कातळावर. ते पाणी तिथेच साचायचं आणि घाण मारायचं. मी गडग्याकडची, कुंपणाच्या दगडी बांधाजवळची माती पाटीपाटीने आणून तिथे छोटासा वाफा केला, त्या पाण्याला वाट काढून दिली आणि माहेरच्या मोगऱ्याच्या फांद्या आणून खोचल्या. तुम्ही मागच्या दारातून बघून म्हणालात, "बरं झालं, वास तरी जाईल." राखेचं, ताकाचं, भाताच्या शितांचं पाणी पिऊन झाडं अशी तरारली की बघत राहावं. पाहुणे आले की भांडी वाढायची, भांडी वाढली की कळ्या वाढायच्या. त्या पाहुण्यांवरचा माझा राग तिथेच निवळला.

आणखी एक सांगते, तेव्हा बोलले असते तर तुम्ही मला वेडी ठरवलं असतंत. देवघरात मी हात जोडायचे तेव्हा माझे कान चुलीवरच्या दुधाकडे असायचे. पण दुपारची उष्टीखरकटी आवरून मी वाफ्यापाशी उकिडवी बसते, तण उपटते, बोटाने माती सारते, आणि घरातल्या हाका कुठल्या कुठे जातात. एका पानाआड कळी दिसते. काल नव्हती. आणि हात आपोआप जोडले जातात. तिथे मला कुणी जोड म्हटलेलं नसायचं. देव आहे असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं ते तिथे, खरकट्याच्या जागेवर.

म्हणूनच ती चैत्रगौर मी विसरत नाही. ओटीवर आळीतल्या बायका बसलेल्या, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं माझ्या हातचं. मी आनंदाने परडीभर मोगरा घेऊन आले, गौरीला वाहायला. वास आधीच ओटीवर पोचलेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गो सुरेख!" आणि तुम्ही सगळ्यांदेखत परडी माझ्या हातातून घेतलीत आणि मागच्या पायरीवर उपडी केलीत. "भांड्यांच्या पाण्यावरची आहेत. देवाला चालायची नाहीत." गौरीला काय वाहिलंत? कागदाची फुलं! मुंबईहून चिरंजीवांनी पाठवलेली, गुलाबी नि हिरवी. ती कुठल्या पाण्यावर वाढली होती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आणि मी काय गंगेच्या पाण्याची कावड लावणार होते झाडांना? विहिरीचं पाणी माडांना, विहिरीचं पाणी पोफळींना. माझ्या वाट्याला जे पाणी आलं ते मी दिलं. नैवेद्याचं ताट त्याच कातळावर मीच घासायचे, ते देवाला चाललं. घासणारी चालली. तेवढं पाणी बाटलं होय? आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

त्या दिवसानंतर मी परसातलं एक फूल खुडलं नाही. झाडावरच राहू दे, म्हटलं, ज्याचं आहे त्याला तिथून घेता येत असेल. तुम्हीही पुन्हा विषय काढला नाहीत. मात्र उन्हाळ्यात संध्याकाळी तुम्ही मागच्या दारात येऊन उगाच उभ्या राहायचात, हे काय मला दिसत नव्हतं?

मग तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि भर वैशाखात गेलात, मामंजींच्या आधी, भरल्या कपाळाने. विहिरीचा तळ दिसत होता. आळीभर कुणाच्या दारात फूल नव्हतं. सवाष्ण बाई, वेणीशिवाय कशी पाठवायची? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आणि त्याच शेजारच्या काकू उठून परसात आल्या. घरात माणसं होती तोवर भांडी होती, आणि भांडी होती तोवर माझा मोगरा होता. पांढराशुभ्र. काकूंनी पदर पसरला. मी त्यांचा हात धरून त्यांना गडग्याकडच्या झाडापाशी नेलं, "याचीच घ्या" म्हटलं. वेणी तुमच्या अंबाड्यात माळली. कुणी पाणी विचारलं नाही. मला मात्र असा राग आला होता, सासूबाई! तुम्ही डोळे उघडून एकदा तरी काहीतरी बोलायला हवं होतं.

त्या झाडाचं कुणाला माहीत नाही. तुम्ही पडलात त्या दिवसापासून मी माझ्या आंघोळीसाठी काढलेल्या विहिरीच्या पाण्यातला एक तांब्या आधीच बाजूला ठेवून त्याला घालत होते, खरकट्याची वाट तिकडून वळवून. कुठून तरी मनात येत होतं की तुम्ही एखाद्या संध्याकाळी फूल मागाल. नाही मागितलंत. पण निदान फसवून माळलं नाही तुम्हाला.

मघाशी लेकीची परडी मी स्वतः देवापुढे नेऊन ठेवली. धाकटीला म्हटलं, "मी वाहणार, बघू कोण उपडी करतं ते." हा कागद आता चुलीत घालीन. त्याची राख उद्या भांड्यांना लागेल आणि पाणी मोगऱ्याला जाईल. गडग्याकडच्या झाडाला तेवढं नाही जाणार. त्याला मी अजून विहिरीचंच घालते.