मामांचे दहा टक्के

ती. गोरक्षमामांना,
निकिताचा नाशिकहून वाकून नमस्कार. मामींनाही सांगा. तुमच्या रुद्रला नमस्कार नको, त्याला नुसती अभ्यासाची आठवण करून द्या. इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? दुकानातल्या गादीवरून उठताना तुम्ही हल्ली कपाटाला धरता असं आई म्हणाली. काळजी घ्या आणि भाऊबीजेला सांगितलेलं ते तेल खरंच लावा. फोन न करता पत्र लिहितेय याचं नवल वाटेल. पण तुमचा फोन दुकानात कायम स्पीकरवर असतो, आणि मी काही विचारलं की तुमच्याआधी समोर बसलेलं गिऱ्हाईकच उत्तर देतं. म्हणून हे पत्र कैरीच्या लोणच्याच्या बरणीबरोबर पाठवतेय. आधी पत्र वाचा, मग बरणी उघडा.

मी एम.ए.ला नेमकं काय शिकते हे तुम्ही प्रत्येक लग्नात विचारता आणि उत्तर यायच्या आत जेवायला बसता. आईने कॉलनीभर सांगून ठेवलंय की पोरगी शेअर बाजाराचं शिकते. परिणामी खालच्या मजल्यावरच्या लताबाई मला जिन्यातच अडवतात आणि कोणता शेअर घेऊ म्हणून विचारतात. मला माहीत नाही असं सांगितलं, तर त्यांना वाटलं मी लपवतेय; तेव्हापासून त्या बोलत नाहीत. तर मामा, या विषयाला अर्थमिती म्हणतात. दोन गोष्टींचे बऱ्याच वर्षांचे आकडे गोळा करायचे, संगणकाला घालायचे आणि एकीमुळे दुसरी वाढते का ते बघायचं. संबंध भरवशाचा वाटला तर संगणक उत्तरापुढे बारीक तारे छापतो. तीन तारे सगळ्यांत उत्तम (ब्रँडीच्या बाटलीवर असतात तसेच, पण ते तुम्हाला कुठून माहीत असणार). तारे आले की प्रोजेक्ट पास, नाही आले की विद्यार्थी मठ्ठ. त्यामुळे आमच्या वर्गात तारे आणायच्या नाना युक्त्या चालतात. रोहित नावाचा एक मुलगा आहे. त्याने नोटाबंदीचं वर्ष आकड्यांतून काढून टाकलं, मग जीएसटीचं काढलं, मग टाळेबंदीचं, मग एक दुष्काळाचं. आता त्याच्या प्रोजेक्टमध्ये जी वर्षं उरलीत, त्यांत या देशात कुणाला साधी सर्दीसुद्धा झालेली नाही. तारे मात्र तीन आले.

आमचे गाईड निरगुडे सर. माणूस वाईट नाही, पण त्यांचं प्रमोशन एका शोधनिबंधावर अडलंय. त्यांचा सिद्धांत असा की जिल्ह्यातल्या बँकांत ठेवी वाढल्या की पैठणीची विक्री वाढते. ठेवींचे आकडे सरकारी, ते मिळाले. विक्रीचे कोण देणार? माझे मामा येवल्याला पैठणी विकतात हे सरांना कळलं आणि त्यांनी मला पहिल्यांदाच खुर्चीवर बसायला सांगितलं. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. भाऊबीजेला मी दुकानात वही घेऊन बसले, तुम्ही एका बाईंना मोरपंखी पदर उलगडून दाखवत होता, आणि पदर न सोडता मला म्हणालात, "लिही गं, लय काय विचार करती? पयल्या साली शंभर, तर दुसऱ्या साली एकशे दहा. म्होरं तसंच दहा-दहा टक्के चढवत जाय." मी म्हटलं, मामा, खरं सांगा. तर म्हणालात, "भाचीच्या डिग्रीला मामानं हात आखडता घ्यायचा का?"

मामा, यावर मला जरा बोलू द्या. गल्लीत कुणीही विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं असतं, धंदा राहिला नाय. समोरचा दुकानदार विचारतो तेव्हा तुम्ही मंदीत असता आणि कर सल्लागार विचारतो तेव्हा तर जवळपास दिवाळखोरीत. अख्ख्या येवल्यात खरी विक्री कुणी कुणाला सांगत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मग भाचीच्याच वाट्याला एवढी बरकत का? लग्नात आहेर करावा तसे तुम्ही मला आकडे केलेत, सढळ हाताने आणि किंमत न बघता. टाळेबंदीत चार महिने दुकानाला कुलूप होतं, तुम्ही घरी बसून मामींना शेंगा सोलू लागत होता, त्या वर्षीसुद्धा दहा टक्के वाढ!

ते आकडे संगणकाला घातले आणि तो दिपून गेला. शंभरात नव्व्याण्णवच्या वर जुळणी. तारे तीनच छापता येतात म्हणून तीन आले. निरगुडे सरांनी पेढे वाटले आणि टाळेबंदीतल्या वाढीला 'येवल्याच्या बाजाराची चिवट लवचीकता' असं नावही दिलं. मला शंका आली म्हणून मी गंमत केली. बँकेच्या ठेवींपुढे रुद्रच्या बुटांचे नंबर घातले, पहिलीपासून दहावीपर्यंतचे. तिथेही तीन तारे! कारण उघड आहे, मामा. ठेवी वर्षागणिक वाढतात, रुद्रचे पायही वाढतात. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. सरांना दाखवलं तर चष्मा पुसत म्हणाले, "हे जपून ठेव. बालकल्याणावर वेगळा पेपर होईल."

आता खरी अडचण. तोंडी परीक्षेला पुण्याहून ढिकले मॅडम येणार आहेत, आणि त्या खडूस म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांनी आधीच कळवलंय की हिच्या आकड्यांत चूक कशी ती दिसतच नाही, याचा खुलासा तयार ठेवावा. खऱ्या आकड्यांत थोडं मागेपुढे असतंच, आमच्या शास्त्रात त्याला रीतसर जागा आहे. तुमच्या आकड्यांत काहीच मागेपुढे नाही. पुण्याच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केलीय, पण पदवी हातात आली तरच. म्हणजे तुमच्या दहा टक्क्यांपायी माझी नोकरी जायची वेळ आलीय. मला रडू येतं आणि तुमचा रागही येतो. (तुमच्यावर फार वेळ रागावता येत नाही, हा आणखी एक वैताग.) म्हणून मी ठरवलंय की आज दुपारी सरांना सगळं खरं सांगायचं. होईल ते होईल. नापास झाले तर येवल्याला येऊन तुमच्या दुकानात घड्या घालीन, पण खोट्या आकड्यांवर पदवी घेणार नाही. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
निकिता

ता.क. सरांना सांगून आले. म्हटलं, सर, ते आकडे मामांनी मनाने सांगितलेत. सरांनी आधी केबिनचं दार लावलं. मग म्हणाले, "मनाने सांगितले, पण सांगितले तर मामांनीच ना? म्हणजे प्राथमिक स्रोत झाला. आपण काय पुस्तकातून उतरवले?" वर म्हणाले, मॅडमचं समाधान होईल असे आकडे मामांकडून पुन्हा घेऊन ये, आणि आणखी दहा वर्षांचे आण, वर्षं कमी पडतायत. तेव्हा मामा, वर लिहिलेला बाणेदारपणा आईला फोनवर वाचून दाखवायला हरकत नाही, पण आकडे रविवारपर्यंत लागतील. या वेळी दरसाल दहा टक्के अजिबात नको.

पुन्हा ता.क. हे फक्त तुम्ही वाचा. मामी काल फोनवर आईजवळ रडत होत्या. दोन वर्षं झाली, लोक स्वस्तातल्या मशीनच्या पैठण्या घेतात, दुकान चालत नाही, आणि तुम्ही घरातसुद्धा कुणाला सांगत नाही. तर मामा, असं करा. शेवटची दोन वर्षं धंदा बसला, असं 'मनानेच' सांगा. किती बसला तेही मनानेच. मी मुकाट्याने लिहून घेईन, आणि ते आकडे खोटेच आहेत असं घरात सगळ्यांना सांगेन.