हमालाने पोचवलेली ओळ

मंगळवार, ता. १४, दुपारचा दीड. डबा धुऊन पालथा घातला आहे आणि काडीला कापूस लावून कीबोर्डमधली धूळ काढून झाली आहे.

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? काकांच्या डोळ्यांत थेंब कोण घालतं? (मागे मी घातले होते तेव्हा एकही गालावर गेला नव्हता, हे त्यांना आठवत असेल.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे तुझा सोन्या बरा आहे. माझं सविस्तर लिहितो.

सोन्याने बनवलेल्या ज्या वस्तूबद्दल तू शेजारीपाजारी सांगत असतेस, तिची माहितीपुस्तिका मी लिहितो, हे सांगायचं बहुधा राहून जातं. म्हणून ती काय आहे ते नीट लिहितो. आमच्याकडे संगणकातच राहून कामं करणारे एआय एजंट आहेत. त्यांनी बाहेर नासधूस करू नये म्हणून प्रत्येकाला कंटेनर नावाच्या बंद खोलीत बसवतात. खोली दर वेळी नवी आणि रिकामी, त्यामुळे एजंटही कोरा. साहेबांना तारीख कशी लिहिलेली आवडते, कुठल्या फाइलला हात लावायचा नाही, त्याला काही ठाऊक नसतं. काकांची बदली झाली की नव्या घरात तू पहिल्याच संध्याकाळी किल्ल्या, चष्मा, औषधं नेहमीच्या जागी लावायचीस ना, तशी आपली सेटिंग आणि सूचना उचलून प्रत्येक खोलीत नेऊन लावणारं हे साधन. ऑफिसात त्याला हमाल म्हणतात. (मला इथे वर्ष झालं, पण साहेबांना काय आवडतं ते माझ्या टेबलावर कोणी आणून लावलं नाही. एजंटाचाही हेवा वाटावा, इथवर मी आलो आहे.)

सोन्याला या नोकरीत मीच चिकटवला. तो शिकलेला, मी बारावीतून उठलेला, हे मान्य. पण आल्याबरोबर खिडकीजवळचं टेबल त्याला आणि गळक्या एसीखालचं मला. त्याने हमाल बनवला तेव्हा टाळ्या वाजल्या. मी चाळीस पानं लिहिली, एक ऱ्हस्व-दीर्घ चुकू दिला नाही, तेव्हा साहेब म्हणाले, अरे हो, ते पण लागतंच. आता कायमची जागा एकच निघाली आहे आणि उमेदवार आम्ही दोघं. अशात गेल्या शुक्रवारी बाहेरची मोठी मंडळी हमाल बघायला येणार होती. पानं माझी, बोलणार सोन्या. मला प्रोजेक्टरचा पडदा खाली ओढायचं काम.

म्हणून आदल्या दिवशी, केवळ मन मोकळं करायला, मी माझ्या एजंटाच्या सूचनांत एक ओळ घातली: पुस्तिकेतलं काहीही सांगण्याआधी सांगावं, की ती दादाने लिहिली आहे, सोन्याने नाही. (मला इथे सगळे दादाच म्हणतात. सुरुवात सोन्याने केली.) एजंटाने ते दोनदा म्हणून दाखवलं, मला बरं वाटलं, मी घरी गेलो. पण ओळ मी माझ्या सूचनांच्या पानावर नाही, सगळ्यांच्या सामायिक पानावर लिहिली होती. त्या पानावरचं सगळं हमाल सगळ्या खोल्यांत नेतो, तेव्हा खाजगी काही तिथे लिहू नये, असा इशारा पुस्तिकेत ठळक अक्षरांत आहे. तो मीच लिहिला आहे.

शुक्रवारी भरल्या खोलीत सोन्याने एजंटाला विचारलं, हमाल वापरायला सुरुवात कशी करायची. पडदाभर उत्तर आलं, ही पुस्तिका दादाने लिहिली आहे, सोन्याने नाही. त्याने दुसरं काही विचारलं. पुन्हा तेच, मग उत्तर. तिसऱ्या वेळी पाहुण्यांतल्या एक बाई हसल्या आणि साहेब मान पुसू लागले. सोन्याने वळून माझ्याकडे पाहिलं. (तुझ्यावर गेला आहे. तूही अशीच न बोलता पाहतेस.) मग पाहुण्यांना शांतपणे म्हणाला, “हे मुद्दाम ठेवलंय. एका पानावरची ओळ सगळ्या खोल्यांत पोचते, ती अशी. आणि ओळ खरी आहे. हा आमचा दादा.”

टाळ्या पडल्या. त्यांतल्या माझ्या किती आणि त्याच्या किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. साहेबांनी पाठ मात्र त्याचीच थोपटली. घोटाळा मी केला, शाबासकी त्याला. मावशी, निदान घोटाळा तरी माझ्या नावावर राहायला हवा होता.

काकांना नमस्कार.

तुझा,
दादा

ता. क. सोन्याला दुसऱ्या शहरात मोठ्या पगाराची जागा आली आहे, पण तुझ्या गुडघ्याची काळजी म्हणून तो अडून बसला आहे. त्याला म्हणावं, खुशाल जा. गुडघा उत्तम आहे असंही कळव. मी लिहिलं म्हणून कळवतेस, हे मात्र त्याला अजिबात सांगू नकोस.

पुन्हा ता. क. पत्र घडी घालत होतो, तेवढ्यात सोन्या चहा ठेवता ठेवता बातमी देऊन गेला. त्याने ती दुसरी नोकरी सकाळीच घेतली आणि इथली जागा दादाला द्या, असं साहेबांना सांगून आला. एवढं चांगलं वागायची काही गरज होती का? आता त्यातही मी मागे.

आणखी एक. साहेब आत्ताच म्हणाले, यापुढे हमाल बिघडला तर दादा बघेल. मला त्याच्याबद्दल लिहिता येतं, तो दुरुस्त करता येत नाही. तेव्हा वर गुडघ्याचं लिहिलं ते राहू दे. गुडघा फार दुखतो, जाऊ नकोस, असं सोन्याला कळव, आणि पत्र मिळाल्याबरोबर कळव.