पतीचा रक्तगट

३१ ऑगस्ट, रवि.
आज सकाळी साडेदहाला, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसमोर, एका कार्डाने सगळं फिरलं. रक्तदान शिबिर. नर्सने बोटाला टोचलं, काचेवर थेंब घेतला, कार्डावर लिहिलं ओ पॉझिटिव्ह. म्हटलं, सिस्टर, गलत है, मी निगेटिव्ह. तिने परत टोचलं. पॉझिटिव्ह.
रक्त दिलं. चहा, दोन बिस्किटं. घरी आल्यावर मयूरी म्हणाली, चेहरा का उतरलाय, चक्कर आली का? हो म्हटलं.

त्याच दिवशी, दुपारी
गेल्या नोव्हेंबरचं लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल.
आमचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात पडलं. मयूरीचं रक्त निगेटिव्ह. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवऱ्याचा ग्रुप खालच्या लॅबमध्ये तपासून आणा. पॉझिटिव्ह निघाला तर हिला तीन दिवसांत एक इंजेक्शन द्यावं लागेल, पुढच्या बाळासाठी. त्याआधी तिच्याजवळ बसायला गेलो तर गार्ड: "जेंट्स बाहर." त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. लॅबसमोर वीसेक माणसांची लाइन. मला बाहेर काढता आणि वर माझंच रक्त पाहिजे? तसाच वर गेलो, न तपासताच सांगितलं, निगेटिव्ह है, रिपोर्ट बाद में दिखा दूँगा. त्यांनी लिहून घेतलं.
इंजेक्शन दिलं नाही.
आणि आता मयूरीला पुन्हा दुसरा महिना. शुक्रवारी नव्या डॉक्टरकडे पहिली व्हिजिट.

१ सप्टें.
मयूरी आईशी फोनवर बोलत होती. हसत. "आमचं रक्तसुद्धा सेम आहे गं, दोघंही निगेटिव्ह. शोधून सापडणार नाही अशी जोडी." तेव्हापासून हेच सांगतेय सगळ्यांना. मीही मान डोलावतो; ऐकून ऐकून मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं. खरं तर आवडायचं मला ते, फार.
सेकंड इयरला कॉलेज सोडलं ते हिच्यासाठी. हिचे बाबा फौजी, कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये त्यांच्यासमोर छाती काढून म्हणालो होतो, हिला काही होऊ देणार नाही.

३ सप्टें., बुध.
आज सांगणारच होतो. दोनदा तोंड उघडलं. मग चार्जर सापडेना म्हणून तिच्यावरच ओरडलो. ती गॅस बंद करून आली.
"माझ्यावर का चिडतोस? मी काय केलंय?"
काहीच नाही. तू काहीच नाही केलंस गं.
हे मनातल्या मनात. बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. वरून विमानं जात होती, एकामागून एक.
तिच्याशिवाय मी म्हणजे…

५ सप्टें., शुक्र.
द्वारकेतला, घराजवळचा दवाखाना. जिन्यात बसून लिहितोय.
इथे नवऱ्यालाही आत बोलावतात, खुर्ची असते. फॉर्म मयूरीने भरला. पतीचा रक्तगट: निगेटिव्ह. लिहून माझ्याकडे बघून हसली. मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं.
डॉक्टर मॅडमनी कार्ड बघितलं, फॉर्म बघितला. पिछली बार इंजेक्शन लगा था? नाही. का? सगळं सांगितलं. लाइन, गार्ड, सगळं. आवाज माझा नव्हताच.
मॅडमनी समजावलं. मयूरीच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध काही तयार झालंय का, ते आज तपासतील. नसेल तर इंजेक्शनची वेळ अजून गेलेली नाही. असेल तर बाळाला धोका, शेवटपर्यंत लक्ष ठेवावं लागेल. रिपोर्ट उद्या संध्याकाळी.
मयूरी माझ्याकडे न बघता म्हणाली, "किती वेळ लागला असता रे त्या लाइनीत?"
अर्धा तास. फार तर.
तिचं रक्त घ्यायला नर्स आली. मी तिचा हात धरायला गेलो. तिने हात काढून घेतला, बाही वर केली.
"तू बाहेर बस."
मॅडम म्हणाल्या, रहने दीजिए, बैठ सकते हैं. मयूरी नर्सकडे वळली. मी उठलो. अडवायला कोणी गार्ड नव्हता, भांडायला कोणी नव्हतं.
बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.