अनघाचं गुपित

लोणावळा, ३ नोव्हेंबर २०२५

ती. श्रीपाददादास,
सा. न. वि. वि.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र. रागाच्या भरात लिहितेय, अक्षर लावून घे.

तू विद्यापीठात परीक्षा विभागाचा प्रमुख झालास तेव्हा तिथेच काम करणारी माझी मैत्रीण अनघा घाबरली होती. तिला फिट येते. नव्या साहेबांना सांगू का, असं तिने मला विचारलं. मीच म्हणाले, सांग, आमचा दादा पोटात ठेवेल. आणि तू भर बैठकीत जाहीर केलंस, की अनघाला फिट येते, सगळ्यांनी सांभाळून घ्या! वर टाळ्याही घेतल्यास. आता तिला कोणी जिनासुद्धा एकटीने चढू देत नाही. बातमी तिच्या गावी, भाजे गावापर्यंत पोचली. तिची आई शकुबाई रडत म्हणाली, की पोरीचं आता कुटं जमायचं न्हाई.

माणसं सांभाळायचं प्रशिक्षण म्हणून रिसॉर्टात चार दिवस जेवलास, ते हेच शिकायला? त्याच बैठकीत तिची माफी माग.

तुझी,
नीरजा

तळेगाव, १८ नोव्हेंबर

चि. नीरजास,
अनेक आशीर्वाद.

उगाच आकाशपाताळ एक करू नकोस. मी तिच्या भल्यासाठीच बोललो. आता माफी मागितली तर माझा वचक काय राहील?

राग मला यायला हवा. काल भलत्याच विषयाचे पेपर वर्गावर गेले. पाकिटांवरची लेबलं चुकल्याचं हनुमंत शिपाई आणि ओंकार क्लार्क या दोघांनाही आदल्या दिवशी दिसलं होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. खडसावलं तर ओंकार म्हणतो, सर, तुम्हाला काही सांगायचं म्हणजे भीतीच वाटते. माझ्याविरुद्ध कट आहे हा!

आईचा दम कसा आहे? सविस्तर कळव.

तुझा,
दादा

लोणावळा, २१ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कट कसला डोंबलाचा! तुला सांगितलेलं चव्हाट्यावर जातं, हे त्यांना कळलंय. अनघाने काल राजीनामा दिला. आता बस वचक कुरवाळत.

आईचं विचारलंस. मंगळवारी तिला पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. रजा टाकून अनघाही आली. डॉक्टर काय म्हणाले ते आम्हा तिघींना ठाऊक आहे. दादाला कळवू का, असं मी आईला विचारलं. ती नको म्हणाली.

लोभ आहेच. तो वाढव, असं मात्र आज लिहवत नाही.

नीरजा