डाव्या हाताची टेस्ट

३ नोव्हेंबर

अखेर हात मिळाला!

माझा नाही. माझ्या नखांबद्दल न बोललेलं बरं. पंधरा वर्षं पार्लर चालवते आणि अजून शाळकरी पोरीसारखी नखं कुरतडते. गिऱ्हाइकासमोर हातमोजे घालून बसते. चिखलीतल्या बायकांना वाटतं, सारिका मॅडम स्वच्छतेला किती जपतात!

तर लग्नसराईच्या आधी एक गोष्ट ठरवायचीच आहे. वरून प्लास्टिकचं नख न चिकटवता, खऱ्या नखावर कोणतं जेल पॉलिश जास्त दिवस टिकतं? मनालीनं तिच्या काचेच्या दारावर लिहिलंय — ‘तीन आठवडे टिकणार’. मनाली म्हणजे माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी. आता बसस्टँडजवळ तिचं दुकान, आणि माझ्या निम्म्या नवऱ्या तिच्याकडे. हा हंगाम हातचा गेला तर पाटी उतरवून घरी बसायची वेळ येईल. गंमत नाही.

तीन बाटल्या आणल्या. एक परदेशी, एक दिल्लीची, एक अकोल्याच्या होलसेलवाल्यानं गळ्यात मारलेली. रंग तिन्हींचा डाळिंबी. आणि टेस्टला हात सासूबाईंचा! धुणं, भांडी, सध्या शेतात कापूस वेचणं. त्या हातावर जे टिकेल ते कुठेही टिकेल.

आई आधी नाहीच म्हणाल्या. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून हातात बांगडीसुद्धा नाही. “मले काऊन वं? लोकं काय म्हनतीन?” म्हटलं, आई, ही हौस नाही, टेस्ट आहे. मग जरा विचार करून म्हणाल्या, “टेस्ट हाय तं लाव. पन डाव्याच हाताले.” नुकत्याच डोक्याला तेल लावून बसल्या होत्या. हात पदराला पुसला आणि पुढे केला. दुकानात गिऱ्हाईक थांबलेलं, मी लगेच सुरू केलं.

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट — परदेशी. मधलं — दिल्ली. उरलेली दोन — अकोला. नियम एकच: ज्याचा टवका उडेल ते बाद, आणि ते मी त्याच दिवशी काढून टाकणार. एकदम शास्त्रीय!

५ नोव्हेंबर

काही नाही. सगळी जागच्या जागी. वहीत रकाने आखले.

८ नोव्हेंबर

परदेशी बाद! अंगठ्याचं कडेनं उचललं, दुसऱ्या बोटाचं तर अर्धं कपाशीच्या शेतातच राहिलं. एवढा नखरा, एवढी चकचकीत पेटी, आणि पाच दिवस? मला मनातून आनंद झाला. मनाली म्हणे परदेशीच वापरते. दोन्ही नखं साफ करून टाकली.

१२ नोव्हेंबर

दिल्लीही गेली. काढायला बसले तर आईंनी हात मागे घेतला. “थोडंसंच तं उडलं. राहू दे ना.” म्हटलं, नियम म्हणजे नियम. पुसलं. बराच वेळ उघड्या नखाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “चांगली दिसत होती.”

वहीत लिहिलं: ‘वापरणाऱ्याचं मत — चांगलं.’

१६ नोव्हेंबर

विहारात गेलो होतो. शेजारच्या गोजरबाईंनी आईंचा हात धरून सगळ्यांना दाखवला. “पाहा वं बाया! सोजराले आता म्हातारपनी लाल नखं!” बाईनं जुन्या रूढी सोडल्या पाहिजेत, असं भाषण झालं की आमच्याकडे सगळ्या टाळ्या वाजवतात. हात दिसला की माना वळतात. आई शांतपणे म्हणाल्या, “सुनेची टेस्ट हाय. मी का करू? धंद्याचा सवाल हाय.”

किती समजूतदार! मला कौतुक वाटलं. येताना रस्ताभर त्यांना पॉलिशचे थर कसे बसतात ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

२० नोव्हेंबर

अकोला अजून जागेवर. सतरा दिवस!

२४ नोव्हेंबर

एकवीस! करंगळीवर ओरखडासुद्धा नाही. शेजारच्या बोटाचं तर कालच लावल्यासारखं चमकतंय.

एक गोष्ट मात्र कळेना. तीन आठवड्यांत नख वाढतं, आणि मुळाशी बिनरंगाची पट्टी दिसायला लागते. आईंच्या नखाला पट्टीच नाही. बराच विचार केला. म्हातारपणी नखं हळू वाढत असतील. पंधरा वर्षांचा अनुभव असला की असं चटकन सुचतं.

ह्यांना सांगितलं. हे एसटीत कंडक्टर, दिवसभर लोकांचे हात बघतात. म्हणाले, “म्हातारपनी थांबत असतीन नखं, पन पंधरा दिवस झाले नाहीत त मायनं माझ्याकून नखं कापून घेतली.” म्हटलं, तुम्ही तिकिटं कापा.

अकोल्याला अख्ख्या खोक्याची ऑर्डर दिली. पाटीवाल्याकडून दारावर लिहून घेतलं: ‘एकवीस दिवस टिकणारच. घरी तपासलेले.’ आईंना पाटी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “एवढं मोठं लिवाचं काय काम होतं?” विनय!

३० नोव्हेंबर

जानेफळची सुचिता आली. मनालीकडे जायला निघाली होती, पाटी वाचून माझ्याकडे वळली. तीन तारखेला लग्न. दहाही नखं अकोला. सोबतची करवली म्हणाली, “ताई, पक्कं राह्यते ना?” मी छाती ठोकून म्हटलं, माझ्या सासूबाईंचा हात बघून ये आधी.

४ डिसेंबर

मेले.

काल लग्नात घास भरवायचा कार्यक्रम. सुचितानं नवरदेवाला जिलेबी भरवली. त्यानं चावली, थांबला, तोंडात बोट घातलं — आणि डाळिंबी रंगाचं अख्खं टरफल बाहेर काढलं! पॉलिश नखावरून साबूत उतरून पाकाला चिकटलं होतं. कुणीतरी ते सगळं मोबाईलवर टिपलं. सकाळपासून मला तो व्हिडिओ अकरा जणींनी पाठवलाय. खाली हसणारी तोंडं. एकीनं लिहिलंय, ‘घरी तपासलेले’.

सुचिताचा फोन आला. चिडली नाही, तेच वाईट. म्हणाली, “ताई, सासरी सगळे मले जिलेबी म्हनून राह्यले.” तिला म्हटलं, परवा माहेरी येशील तेव्हा ये, नीट करून देते. पुढच्या आठवड्याच्या दोन नवऱ्यांनी नाही म्हणून कळवलं.

पण मग आईंच्या हातावर महिनाभर कसं टिकलं?

कळलं! व्हिडिओ मनालीनंच पसरवला असणार. उद्या जाऊन तिला चांगली झाडणार.

५ डिसेंबर

गेले होते. आज बाजाराचा दिवस, बसस्टँडकडे पाय ठेवायला जागा नाही. काय काय बोलायचं ते पाठ करत होते. मनालीच्या काचेच्या दारापाशी पोचले आणि पायरीवर आईंच्या चपला दिसल्या. अंगठ्याला मीच शिवून दिलेल्या.

आत आई खुर्चीत. मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. डावा हात टेबलावर. दार अर्धं उघडं होतं. आईंचा आवाज आला, “लवकर कर वं माय. जराकसं उडलेलं दिसलं का सून पुसून टाकते.” मनाली म्हणाली, “आजी, चौथ्या बाजाराले येऊन राह्यल्या तुम्ही. सांगून द्या ना ताईले.” आई म्हणाल्या, “का सांगू? मले आवडते म्हनू? टेस्ट हाय म्हून तं लावाले भेटली.”

मनाली कापसाच्या बोळ्यानं नखं पुसत होती. सावकाश, कडेकडेनं, तेलाचा अंश राहू नये म्हणून. हे मीच तिला शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी. ‘नख कोरडं नाही तर बाकी सगळं वाया.’ आणि तेल लावून बसलेल्या बाईच्या नखावर तसंच पॉलिश फासून वहीत रकाने कुणी आखले? शास्त्रज्ञ बाईंनी! मनालीच्या टेबलावर बाटली होती ती परदेशी. जी मी पाचव्या दिवशी बाद केली ती.

मनालीनं वर पाहिलं. आमची नजरानजर झाली. मी पाठ केलेलं सगळं घेऊन परत आले.

संध्याकाळी आई मेथी निवडायला बसल्या. डावा हात मुद्दाम माझ्यासमोर धरून म्हणाल्या, “पाह्य, अजून तशीच हाय.” मी म्हटलं, हो आई, तशीच आहे. आत जाऊन रडले. त्या म्हणाल्या होत्या, ‘राहू दे ना.’ ‘चांगली दिसत होती.’ मला सगळं ऐकू आलं होतं, आणि मी ते रकान्यात भरलं. अकरा वर्षांत त्यांनी स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली, ती मी नियम म्हणून पुसली.

६ डिसेंबर

सुचिता आली. नखं नीट कोरडी करून परदेशी लावलं. जाताना हसली. दुकान आज दुपारीच बंद केलं, विहारात जायचं होतं.

७ डिसेंबर

पाटी पुसून घेतली. जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, टेस्ट संपली, मी सपशेल नापास. अकोल्याचं खोकं परत. आणि यापुढे ज्याचं त्याला विचारल्याशिवाय कुणाचंही पुसायचं नाही. हे हसले. आई खाली मान घालून भाकरी मोडत राहिल्या. त्यांच्या लक्षात आलंय की नाही, कळलं नाही.

८ डिसेंबर

सकाळी दुकान झाडत होते. आई आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाकावर गोजरबाई भुवया कोरायला थांबलेल्या. आईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मोठ्यानं म्हणाल्या, “दोन्हीले लाव. अन् कोनी इचारलं तं टेस्ट म्हनू नको. सोजराले आवडते म्हन.”

मी आधी एकेक नख सावकाश पुसून घेतलं.