लेकीसाठी नदीची पाहणी

सोमवार, ६ एप्रिल
ठरलं. नदीवरच्या नॅशनल पार्कात जायचं. वल्हवणं, पायवाटा, तंबू. लेकीला चार वर्षांपूर्वी कबूल केलंय. दर उन्हाळ्यात ती विचारते, कधी जायचं, आणि दर उन्हाळ्यात दुकानात चष्म्यांची गर्दी. यंदा तिची परीक्षा, आणि पार्क महिनाअखेर पावसाळा संपेपर्यंत बंद होणार. म्हणून आधी मी एकटाच पाहणी करून येणार. बापाचं कर्तव्यच आहे.

मंगळवार, ७ एप्रिल
घरी सांगितलं, काचा घासायच्या नव्या मशीनचं ट्रेनिंग आहे. हे खोटं नाही. ट्रेनिंग आहेच, फक्त पुढच्या महिन्यात. लेकीने प्रवासात मान अवघडू नये म्हणून स्वतःची छोटी उशी बॅगेत घातली. जेवण गेलं नाही. म्हणजे एकदाच वाढून घेतलं.

बुधवार, ८ एप्रिल
तंबू दुकानाच्या मागच्या खोलीत उभा करून पाहिला. उत्तम उभा राहिला. आतून चेन सापडेना. शेवटी मालकांनी बाहेरून उघडली. म्हटलं, मुलीच्या शाळेसाठी आहे. हे दुसरं खोटं, आणि तेही लेकीच्या नावावर. यापुढे खोटं बोलायचं नाही. सुरुवात ट्रिपहून आल्यावर.

शुक्रवार, १० एप्रिल, दुपार
पोहोचलो. बस आठ किलोमीटर अलीकडेच सोडते. माहितीपत्रकात ‘सोपी पायवाट’ लिहिलंय. लिहिणारा बहुधा बकरी असावा. मोबाइलला रेंज नाही, फोन फक्त ऑफिसात. रेंजरबाई कडक. रजिस्टरात नाव आणि घरचा नंबर लिहायचा, संध्याकाळी सहाच्या आत परत आल्याची सही करायची. नाही केली तर बोट शोधायला निघते आणि घरी फोन जातो. नियम चांगला आहे. लेकीला आणताना उपयोगी पडेल.

शनिवार, ११ एप्रिल, सकाळी ११
होडीत. रेंजरबाई म्हणाल्या, वल्हं उलटं धरलंय. मी म्हटलं, जुनी पद्धत आहे. अर्धा तास जागच्या जागी गोल फिरलो. मग प्रवाहाने दया केली. वळणापलीकडे पाणी इतकं स्वच्छ की तळातले गोटे मोजावेत. पाणकावळा पंख पसरून बसलेला. हे लेकीने बघायचं होतं. घरात सगळे उपाशी असताना एकट्याने चोरून खावं तसं वाटलं. तरी बघितलं, तासभर.

शनिवार, रात्री ८
परत वल्हवणं जमेना, म्हणून होडी तिथेच काठाला लावली आणि काट्यांतून तंबूपर्यंत चालत आलो. साडेपाचला पाच मिनिटं पाठ टेकली. सही राहिली. जाग आली ती तोंडावर टॉर्च. रेंजरबाई आणि दोन नावाडी, कमरेपर्यंत भिजलेले. मला तासभर नदीत शोधत होते. एक नावाडी मटकन खाली बसला.

घरी फोन गेला होता. मुलीने उचलला. ऑफिसातल्या माणसाने तिला सांगितलं, होडी सापडली, माणूस अजून नाही.

लगेच ऑफिसातून घरी फोन लावला. लेक एवढंच म्हणाली, “बाबा, तूच बोलतोयस ना?” मग तिला रडू आवरेना. फोन हिने घेतला. ही जे बोलली ते इथे लिहीत नाही. सगळं खरं होतं.

रविवार, १२ एप्रिल, बसमध्ये
तीन स्पष्टीकरणं तयार केली. तिन्हींचं पहिलं वाक्य एकच: तुझ्यासाठीच गेलो होतो.

रविवार, संध्याकाळी
हिने दार उघडलं आणि आत निघून गेली. लेकीचे डोळे सुजलेले. तिच्यासमोर एकही स्पष्टीकरण तोंडातून निघेना. चुकलो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा, पुढे ‘पण’ न लावता. मग राहवलं नाही. म्हटलं, पार्क परत उघडलं की आपण दोघं नक्की जाऊ.

ती म्हणाली, “नको बाबा. मला पाण्याची भीती वाटते. पहिल्यापासून.”

मग दर वर्षी विचारायचीस कशाला, म्हटलं.

“विचारलं की तू खूश व्हायचास.”

चार वर्षं मला वाटत होतं, मी तिचं मन राखतोय.